रूट पाठ असूनही दर बीआरएमला रस्ता चुकतो आणि वेळ हुकते: मला सापडलेली कारणं आणि उपाय

प्रॉब्लेम असा आहे की बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) आठवडाभर आधी रूटची लिंक येते, आपण फाईल डाउनलोड करतो, सायकल कॉम्प्युटरमध्ये टाकतो, चढाईचा ग्राफ चार वेळा बघतो, मित्रांबरोबर त्यावर बोलतो, आणि तरी राइडच्या दिवशी डिव्हाइस "ऑफ कोर्स" म्हणून ओरडायला लागतं, कुठलातरी फाटा मागे पडतो, किंवा रस्ता बरोबर असतो पण कंट्रोल (वाटेतली हजेरीची जागा) बंद व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात. माझं हे लागोपाठ तीन इव्हेंट झालं. तिसऱ्या वेळी २०० किलोमीटरची बीआरएम १३ तास ४१ मिनिटांत संपवली, म्हणजे साडेतेरा तासांची मुदत ११ मिनिटांनी गेली, डीएनएफ (राइड पूर्ण धरली नाही). पाय ठीक होते, सायकल ठीक होती, पंक्चर एकही नाही. त्यानंतर मी बसून फाईल, वेळा, चुकलेल्या जागा सगळं तपासलं आणि लक्षात आलं की मी रूट "बघत" होतो, तपासत नव्हतो. खाली जे लिहितोय ते पुणे ते पाचगणी आणि परत या २०० च्या रूटवरून लिहितोय, कारण हा रस्ता आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, पण कारणं कुठल्याही रूटला लागू पडतील.

आधी सगळ्यात मोठं कारण, कारण त्यातूनच बाकीचे अर्धे प्रॉब्लेम निघतात. परतीची लाईन.

जाऊन-येऊन रूट असला की बनवणारा बरेचदा फक्त जायचा रस्ता काढतो आणि मग "रिव्हर्स" किंवा "आउट अँड बॅक"चं बटण दाबतो. साध्या दोन लेनच्या रस्त्यावर चालून जातं. पण पुणे-सातारा हायवेला डिव्हायडर आहे, नकाशात दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या लाईनी आहेत, आणि रिव्हर्स केलं की परतीची लाईन जायच्याच बाजूवर पडते, म्हणजे उलट्या दिशेने. आपण अर्थातच बरोबर बाजूने येतो, आणि डिव्हाइसला वाटतं की हा रस्ता सोडून गेला. शिरवळच्या आसपास दोन्ही बाजू जवळजवळ आहेत तिथे कधी ओरडतं कधी नाही. खंबाटकीला मात्र दोन्ही रस्ते पूर्ण वेगळे होतात, मी गेलो तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा होता आणि येताना बोगद्यातून यायचं होतं, त्यामुळे रिव्हर्स केलेली फाईल तुम्हाला येताना एकेरी घाटातून उलटं आणते. तसं कोणी करणार नाही, पण डिव्हाइस तेवढा वेळ ओरडत राहतं.

आणि इथेच खरं नुकसान होतं. डिव्हाइस अर्धा तास खोटं ओरडलं की माणूस वैतागून अलर्ट बंद करतो, मीही केला. मग पुढे जिथे खरंच वळायचं होतं, वारज्याला सर्व्हिस रोडला उतरायचं होतं, तिथे अंधार झालेला, डोकं थकलेलं, अलर्ट बंद, आणि मी वरच्या रस्त्याने सरळ पुढे. बीआरएमला जिथे रूट सोडला तिथेच परत येऊन पुढे जायचं असतं, मधूनच शॉर्टकट मारून जोडता येत नाही, रस्त्यात सांगून न ठेवलेला कंट्रोलही असू शकतो. म्हणून मागे फिरलो, पंचवीस मिनिटं गेली. माझी ११ मिनिटं तिथे गेली, पण चूक झाली होती खंबाटकीला आणि त्याच्याही आधी घरी, फाईल न तपासता टाकली तेव्हा.

उपाय: फाईल मोठ्या स्क्रीनवर उघडायची, मोबाईलवर नाही, आणि झूम करून लाईन कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. आपण डावीकडून चालवतो, पुण्याहून दक्षिणेला निघालो की डावी बाजू म्हणजे पूर्व, त्यामुळे जाताना लाईन पूर्वेकडच्या रस्त्यावर पाहिजे आणि येताना पश्चिमेकडच्या. एवढं एक डोक्यात ठेवलं की पाच मिनिटांत सगळा हायवे तपासून होतो. मी गेलो तेव्हाच्या रचनेत खंबाटकीला जाताना घाट आणि येताना बोगदा असं दिसायला हवं होतं. इथे गेली काही वर्षं नव्या बोगद्याच्या कामामुळे रस्ता बदलत आलाय, त्यामुळे नकाशावर दिसतंय तसंच असेल असं धरू नका, त्याच आठवड्यात तिकडून गाडीने आलेल्या कोणालातरी विचारा.

चुकीचं दिसलं तर स्वतः दुरुस्त करा, पण कंट्रोलच्या जागा आणि आयोजकांनी दिलेला रस्ता बदलायचा नाही, फक्त बाजू सुधारायची. आणि दुरुस्त केल्यावर आयोजकांनाही कळवा, बाकीच्यांचं भलं होतं.

दुसरं त्याच जातीचं कारण. जायची आणि यायची लाईन एकमेकांवर किंवा अगदी शेजारी असली की काही डिव्हाइस गोंधळतात, मध्येच त्यांना वाटतं तुम्ही परतीच्या टप्प्यात आहात, "उरलेलं अंतर" एकदम १४० वरून ६० वर येतं किंवा वळणाची सूचना उलटी मिळते. सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी असला तर कधी स्टार्टलाच "कोर्स पूर्ण" म्हणून मोकळं होतं. यावर मी बरेच सेटिंग बदलून पाहिले, शेवटी जे चाललं ते एकदम साधं आहे: फाईलचे दोन तुकडे. "जाताना" आणि "येताना". पाचगणीला कार्डवर शिक्का घेतला, चहा घेतला, दुसरी फाईल लावली. यात एक धोका आहे, दुसरी फाईल लावताना राइडचं रेकॉर्डिंग चुकून बंद होऊ नये. ते आधी घराजवळ पाच किलोमीटरची खोटी राइड करून बघून ठेवा, इव्हेंटच्या दिवशी घाटमाथ्यावर थंड बोटांनी पहिल्यांदा करून बघू नका.

अजून एक, "रीकॅल्क्युलेट" किंवा "रीरूट" नावाचं जे सेटिंग असतं ते बंद ठेवा. चालू असलं तर तुम्ही चहाला दोनशे मीटर आत गेलात तरी ते स्वतःच्या मनाने नवीन रस्ता काढतं आणि मूळ लाईन गायब. आणि फाईल जीपीएक्स घेतली तर बऱ्याचदा त्यात फक्त लाईन येते, वळणांच्या सूचना नसतात. टीसीएक्स किंवा फिटमध्ये "कोर्स पॉइंट" (ठरावीक जागी दिसणाऱ्या सूचना) येऊ शकतात, डिव्हाइसला चालत असेल तर ती घ्या. मित्राच्या डिव्हाइसवर "इथून डावीकडे" येतंय आणि माझ्यावर येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता फाट्यांचं. रूटमध्ये शंभर वळणं असली तरी खरी चुकण्यासारखी चार-पाचच असतात, आणि त्या चार-पाचांचा अभ्यास करायचा असतो. पाचगणीच्या रूटवर जाताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरूर फाटा. खंबाटकी चढून उतरलो की उताराचा वेग असतो, समोर मोठा हायवे, आणि वाई आहे उजवीकडे, म्हणजे हायवे ओलांडायचाय, म्हणून आधी डावीकडे सर्व्हिस रोडला उतरून पुलाखालून जायचं. उजवीकडे जायचंय म्हणून डोळे उजवीकडे शोधत राहतात आणि डावीकडे उतरायची जागा निघून जाते. माझ्या पहिल्या वेळी तेच झालं. भुईंज आलं तरी मला कळलं नाही. तुम्हाला आनेवाडीचा टोलनाका दिसला तर समजा की तुम्ही बरंच पुढे आलात. आता मी प्रत्येक महत्त्वाच्या फाट्यासाठी दोन खुणा लिहितो, एक फाट्याच्या आधीची (आता हळू करा) आणि एक नंतरची (ही दिसली तर चुकलात, थांबा). नंतरची खूण कोणी लिहीत नाही, पण वाचवते तीच.

खुणा निवडताना परतीच्या खुणा रात्री दिसतील अशा घ्या. दिवसा दिसणारं वडाचं झाड संध्याकाळी सातला दिसत नाही, पेट्रोल पंप दिसतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला निघालात तर पहिला तासभर अंधार आणि संध्याकाळी सव्वासहा-साडेसहानंतर पुन्हा अंधार, म्हणजे शहरात शिरतानाची सगळी वळणं अंधारात येतात. रूट दिवसाउजेडी बघून ठेवला असेल तर तो अर्धाच बघितला असं समजा.

शहराजवळच्या जुन्या फाईली तर अजिबात वापरू नका. कोणीतरी ग्रुपवर "मागची फाईल आहे माझ्याकडे" म्हणून टाकतो आणि सगळे घेतात. पुण्यात चांदणी चौकाचं उदाहरण घ्या, जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन रचना खुली झाली, त्याआधीची कुठलीही फाईल तिथे निरुपयोगी आहे. स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२ मध्ये सुरू झालं, पहिल्या शहरांत पुणं होतं, त्यामुळे शहरातली वळणं घरबसल्या बघता येतात आणि मी ती बघतोच, पण फोटो कुठल्या महिन्याचा आहे ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. रूट स्वतः काढत असाल तर अजून एक बघा, मुंबईच्या बाजूला काढताना लाईन एक्सप्रेसवेवर गेलेली असू शकते, तिथे सायकलला बंदी आहे, जुन्या हायवेनेच जायचं.

आता चढाईचे आकडे. यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि उगाच घाबरायला होतं. एकच फाईल मी तीन साइट्सवर टाकली तर एकूण चढाईचे तीन आकडे आले, त्यात चारेकशे मीटरचा फरक. वाई ते पाचगणीच्या पसरणी घाटाच्या ग्राफवर मध्येच १९% ची टोकं दिसत होती, जी तिथे नाहीतच. याचं कारण समजलं की भीती जाते. रूट काढायच्या बऱ्याच साइट्स उंची उपग्रह-रडारच्या माहितीवरून घेतात, त्यातली खूप वापरली जाणारी म्हणजे २००० च्या फेब्रुवारीत नासाच्या अवकाश यानाने ११ दिवसांत घेतलेली एसआरटीएम. त्यात जमीन साधारण ३० मीटरच्या चौकोनांत मोजलीय, जुन्या रूपात तर ९० मीटरच्या. आता घाटातला रस्ता म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरलेली दहा मीटरची पट्टी, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. तुमची लाईन वीस मीटर इकडे-तिकडे झाली की उंची रस्त्याची न येता कड्याची किंवा दरीची येते, आणि तीव्र उतार असेल तर तोच फरक वीस मीटरचा असू शकतो. मग पुढच्या बिंदूला परत खाली. असे करवतीचे दात तयार होतात आणि त्या प्रत्येक दाताची चढाई बेरजेत जमा होते. बोगद्याचं तर विचारूच नका, कात्रजच्या नव्या बोगद्यातून तुम्ही आतून जाता पण ग्राफ तुम्हाला डोंगराच्या माथ्यावरून नेतो. काही साइट्स बोगदे आणि पूल ओळखून तेवढा भाग सपाट करतात, सगळ्या करत नाहीत.

त्यामुळे मी आता घाटाचा हिशोब हाताने करतो. वाई साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास, मधलं अंतर बारा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ६०० मीटर भागिले १२,०००, सरासरी ५%. बस. कुठे ४, कुठे ७, पण भिंत नाही कुठेच. पुण्याच्या लोकांसाठी तर अजून सोपं माप आहे: सिंहगड. पायथ्यापासून वर गाडीतळापर्यंतची चढाई जवळपास एवढीच आहे, अंतर कमी म्हणून चढ जास्त. म्हणजे तुम्ही सिंहगड सव्वा तासात चढत असाल तर तासाला ४५०-५०० मीटर चढता, तोच आकडा पसरणीला लावा, मग त्यात अंगात आधीचे ८५ किलोमीटर आणि अकराचं ऊन आहे म्हणून पंधरा-वीस मिनिटं वाढवा. माझा आकडा दीड तास येतो आणि दोन्ही वेळा खरा निघालाय, पाच मिनिटं इकडे-तिकडे.

आणि यातूनच वेळेचं कोडं सुटलं. आपण म्हणतो माझा ॲव्हरेज २२ आहे, १०० किलोमीटर म्हणजे साडेचार तास, सहाला निघालो तर साडेदहाला पाचगणी, कट-ऑफला दोन तास शिल्लक. हा हिशोब कागदावर फार छान दिसतो. कंट्रोलचं गणित साधं आहे, ६० किलोमीटरपासून पुढे ताशी १५ ने भागायचं (६० च्या आतल्या कंट्रोलला थोडी सूट असते, अंतर भागिले २० अधिक एक तास), म्हणजे १०० किलोमीटरचा कंट्रोल ६ तास ४० मिनिटांनी बंद, १२:४० ला. पूर्ण २०० ला १३ तास ३० मिनिटं. आता खरं बघा. शिरवळ साधारण ५० वर, ८:२० ला पोचलो, नाश्ता वीस मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस. खंबाटकीच्या पायथ्याला सव्वानऊ-साडेनऊ. घाट अर्धा तास, वर दम घेणं, उतार, सुरूरला सव्वादहा होऊन गेले. वाईत पावणेअकरा, पाणी भरलं, केळी घेतली. पसरणी दीड तास. सव्वाबारा-साडेबारा. हातात फक्त दहा-पंचवीस मिनिटं, आणि एक पंक्चर झालं तर तीही नाहीत! दोन तास शिल्लक वाटत होते ते कुठे गेले? कुठेच गेले नाहीत, ते नव्हतेच. ॲव्हरेज सपाट रस्त्याचा होता आणि थांबे त्यात धरले नव्हते.

म्हणून रूटचे तुकडे पाडायचे ते अंतराने नाही, रस्त्याच्या स्वभावाने. सपाट, चढ, उतार, शहर. प्रत्येकाला वेगळा वेग, आणि थांबा हा स्वतंत्र तुकडा. उताराला वेग धरताना जरा आखडता घ्या. पसरणी उतरताना पर्यटकांच्या गाड्या असतात, वळणावर ओव्हरटेक करतात, तिथे चढताना गेलेला वेळ भरून काढायचा विचार करू नका. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याकडे येताना जे एस आकाराचं वळण आहे ते अपघातांसाठी ओळखलं जातं, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतारही तसाच, मागून ब्रेक न लागणारा ट्रक येऊ शकतो हे धरूनच चालवा. या दोन्ही जागा माझ्या चिठ्ठीवर लाल पेनाने आहेत, तिथे वेळ लिहिलेली नाही. बोगद्यात शिरायच्या आधी टेल लाईट चालू, जॅकेट अंगात, भर दुपार असली तरी.

चिठ्ठीबद्दल दोन शब्द, कारण बरेच जण म्हणतात की डिव्हाइस असताना कागद कशाला. डिव्हाइसवर तुम्हाला पुढचे पाचशे मीटर दिसतात, चिठ्ठीवर पूर्ण दिवस दिसतो. माझी चिठ्ठी टॉप ट्यूबला पारदर्शक टेपने चिकटवलेली असते, मोठ्या अक्षरात, आणि तिच्यावर दहाच्या वर ओळी नसतात. उदाहरणार्थ:

५० शिरवळ ८:२० / निघायचं ८:४०
७८ सुरूर, डावीकडे उतर, पुलाखालून उजवीकडे. भुईंज दिसलं = चुकलो
८६ वाई, दोन्ही बाटल्या भर
१०० पाचगणी, बंद १२:४०, दुसरी फाईल लाव

किलोमीटर डिव्हाइसवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाहीत, शंभरला एखाद-दीड किलोमीटर पुढे-मागे होतंच, त्यामुळे आकड्यापेक्षा खुणेवर भरवसा ठेवा.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. कार लागत नाही. मी स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी धरली, खिडकीची सीट घेतली आणि वहीत लिहीत गेलो. एसटी पसरणी घाट इतक्या निवांत चढते की प्रत्येक वळण, पाण्याची जागा, टपरी, सावली कुठे आहे सगळं टिपता येतं, आणि धोमच्या धरणाचं पाणी खाली दिसायला लागलं की साधारण किती वर आलो याचा अंदाज बसतो. राइडच्या दिवशी मला घाटात दत्त मंदिर दिसलं तेव्हा पुढे किती उरलंय हे माहीत होतं, त्यामुळे तिथे उतरून सायकल ढकलायची इच्छा झाली नाही. येतानाच्या एसटीत झोपू नका मात्र, परतीचा रस्ताच तर तपासायचाय.

बॅटरीचं थोडक्यात: स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून नेव्हिगेशन चालवलं तर कंपनीने सांगितलेले तास मिळत नाहीत, शनिवारच्या लांब राइडला तसंच चालवून खरे तास मोजा. मोबाईलवर नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा, घाटात रेंज जाते. पॉवर बँकची केबल त्याच डिव्हाइसची आहे ना ते आदल्या रात्री लावून बघा.

हे सगळं करून गेल्या डिसेंबरला तोच रूट पुन्हा केला, १२ तास ५२ मिनिटं. वेग मागच्या वर्षीपेक्षा वाढलेला नाही, रेकॉर्डिंगमध्ये चालतानाचा ॲव्हरेज जवळपास तेवढाच आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दोन तुकडे करूनही शहरातल्या शेवटच्या सहा-सात किलोमीटरमध्ये, जिथे सर्व्हिस रोड आणि हायवे अगदी चिकटून वर-खाली आहेत, तिथे डिव्हाइसला मी वर आहे की खाली हे कळत नाही आणि उतरायची सूचना उशिरा येते. सध्या मी उतरायच्या जागेच्या चारशे मीटर आधी हाताने एक कोर्स पॉइंट टाकतो, "आता डावी लेन" असा. कोणी यापेक्षा चांगलं काही करत असेल तर नक्की सांगा, तुमचं डिव्हाइस कुठलं आणि फाईल कुठल्या प्रकारची तेही लिहा, म्हणजे मला करून बघता येईल.